दारे धरणे आणि बांधावर बसणे

पिकाला पाणी देताना खोरे घेऊन साऱ्याच्या तोंडाशी उभे राहण्याच्या क्रियेस दारे धरणे म्हणतात. तिच्याशी वरकरणी जुळणारी दुसरी क्रिया म्हणजे बांधावर बसणे. दोन्हींत माणूस हलत नाही, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्याची गफलत होते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात या विद्येला सरकारी आश्रय आहे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या रानांत पाणी आणले आणि पाण्याबरोबर वाट पाहणेही आणले. आधी पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरावा, मग आवर्तनाची वाट पाहावी, मग पाटकऱ्याची, शेवटी वरच्या शेतकऱ्याचे मन भरण्याची. ही झाली पूर्वतयारी.

दारे धरणाऱ्याने खोऱ्यावर भार द्यावा, पण डोळा लावू नये. काळ्या रानात बारा आणे सारा भिजला की बारे मोडावे, म्हणजे पाणी पुढच्या साऱ्यात वळवावे. उरलेले चार आणे पाणी आपल्या पायाने चालते. टोकाला पोचेपर्यंत थांबणारा नवशिका समजावा. आधी पुढचे बारे फोडावे, मगच चालते बुजवावे. उलट केल्यास पाण्याचा दंड फुटतो, पाणी शेजाऱ्याच्या काढून ठेवलेल्या कांद्यात शिरते आणि दोन घरांत दीर्घ मौन सुरू होते. पाण्याचा आवाज एकाएकी बारीक झाला तर घुशीचे बीळ लागले असे धरावे. हे कानालाच कळते, म्हणून मोबाइलवर गाणी लावू नयेत.

विहिरीच्या पाण्याला हेच नियम; फक्त थ्री-फेज लाइट पुष्कळदा रात्री येते. उसाकडेने बिबट्या दिसल्यास स्थिरतेचा नियम शिथिल समजावा.

बांधावर बसण्यास पूर्वतयारी लागत नाही. बसणारा बहुधा घरचा कर्ता किंवा सुटीला आलेला मेहुणा असतो. तो या कामास देखरेख म्हणतो. ‘अजून किती राहिलं?’ हे तिचे मुख्य अंग. दंड फुटलेला सर्वांत आधी त्यालाच दिसतो आणि सर्वांत शेवटी तोच उठतो. शंका असल्यास पाय पाहावेत. चिखल पिंढरीपर्यंत असेल तर दारे. चप्पल कोरडी असेल तर देखरेख. चहा मात्र पहिला तिकडेच जातो, याला कोणताही शास्त्राधार नाही.

म्हाताऱ्यांना या देखरेखवाल्यांतून वगळावे. जन्मभर दारे धरलेला माणूस बसल्या जागेवरून ‘अरं, तिसऱ्या साऱ्यात पाणी तुंबलंय’ म्हणतो. वैताग येतो. जाऊन पाहावे तर तुंबलेले असते.

ठिबक आल्यापासून दारे धरण्याची गरज कमी झाली. कॉक फिरवला की दोघेही बांधावर बसू शकतात. फिल्टर धुवायला मात्र खोरेवाल्यानेच उठायचे असते.