झाकण नसलेलं घर

आप्पांच्या घरातल्या कुठल्याही यंत्राला झाकण नाही. रेडिओला नाही, भिंतीवरच्या घड्याळाला नाही, पंख्याच्या रेग्युलेटरला तर त्यांनी घरात आणल्या दिवशीच उघडं केलं. ‘झाकण लावलं की नेमकं तेव्हाच बंद पडतं,’ असं ते सांगतात आणि ते अगदीच खोटं नाही. पण माझं निदान वेगळं आहे. झाकण लागलं म्हणजे वस्तू पुरी झाली, आणि पुऱ्या झालेल्या वस्तूत आप्पांना काडीचा रस नाही.

त्यामुळे नवखा माणूस त्यांच्याकडे बंद पडलेला मिक्सर घेऊन जातो तेव्हा मला त्याची कीव येते. आप्पा मल्टिमीटरची टोकं इकडेतिकडे लावतात, एका जागी मीटर ‘पीं’ करत नाही, आणि त्यांचा चेहरा उतरतो. ‘फ्यूज गेलाय हो नुसता.’ दुर्मिळ रोगाच्या आशेने तपासायला घेतलेला पेशंट साध्या सर्दीचा निघावा तसा तो सूर असतो. मग मिक्सर महिनाभर कोपऱ्यात पडून राहतो. तेवढ्यात त्याची मोटर दुसऱ्या कशाला तरी उपयोगी पडेल असं त्यांच्या डोक्यात आलं, तर मालकाने मिक्सरवर पाणी सोडलेलं बरं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर आप्पांनी डायनिंग टेबल ताब्यात घेतलं. काकूंनी अर्धं दिलं होतं. बाकीचं हळूहळू गेलं. जुना मिसळणाचा डबाही त्याच वाटेने गेला. आता त्यात मोहरीच्या वाटीत डायोड, जिऱ्याच्या वाटीत बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि हळदीच्या वाटीत पिवळे एलईडी आहेत. ही शेवटची व्यवस्था मुद्दाम केलेली आहे, असं आप्पा पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

सगळं जग त्यांना रंगांच्या पट्ट्यांत दिसतं. रेझिस्टरची किंमत त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचायची असते. मागच्या दिवाळीत काकू नवी साडी दाखवायला पुढे आल्या. तपकिरी अंग, त्यावर काळा पट्टा, मग नारिंगी, आणि कडेला सोनेरी काठ. आप्पांनी चष्मा वर केला. ‘वा! दहा के, पाच टक्के!’

‘भाऊबीजेला नेसू का मग दहा के?’ काकूंनी विचारलं. आप्पांना त्यातला टोमणा कळला नाही. ते खूश झाले.

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली ही त्यांची पंढरी. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी करून जातात. यादीत सामान चाळीसेक रुपयांचं, आणि उभं राहणं दीड तास. त्यापेक्षा जुना बाजार बघण्यासारखा. बुधवारी किंवा रविवारी आप्पा तिथे बंद प्रिंटर शोधत फिरतात, कारण प्रिंटरच्या पोटात चांगल्या स्टेपर मोटरी मिळतात. एकदा मी बरोबर होतो. विक्रेता म्हणाला, ‘चालू आहे काका, लावून दाखवतो.’ आप्पा घाबरले. चालू निघाला तर भाव चढणार! ‘नको नको, बंदच दे,’ म्हणून त्यांनी त्याचा हात धरला. विकणारा ‘चालू आहे’ म्हणून गळ घालतोय आणि घेणारा ‘बंदच असू दे’ म्हणून अडून बसलाय, असा व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही.

मात्र त्यांची थट्टा करावी आणि मग त्यांना सोल्डरिंग करताना बघावं. पंचवीस वॅटचं आयर्न ओल्या स्पंजवर पुसतात. ‘चर्र’ आवाज होतो. मग टोक आधी बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला आणि पार्टच्या पायाला एकदम टेकवून ठेवतात. तार मागाहून लावायची, आणि ती आयर्नला नाही, तापलेल्या पायाला. कथील-शिशाची ती तार १८३ अंशांना वितळते, राळेचा वास येतो, थेंब पायाभोवती वर चढतो आणि आप्पा श्वास रोखतात. थिजेपर्यंत हात हलता कामा नये. हलला तर थेंब चकाकत नाही, मळकट दिसतो. त्याला ते ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात आणि तो शब्द घरात शिवीसारखा वापरतात. एका जावयाबद्दलही तो वापरलेला मी ऐकला आहे.

त्यांचं आराध्यदैवत ५५५. आठ पायांची ही टायमर आयसी हान्स कामेन्झिंड या स्विस माणसाने १९७१ मध्ये अमेरिकेत सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचली, ती पुढच्या वर्षी बाजारात आली आणि अजून विकली जाते. आत ट्रान्झिस्टर उणेपुरे पंचवीसेक. आप्पांच्या मते त्यापेक्षा जास्त ट्रान्झिस्टर लागतात ती चैन. दर गणपतीला ५५५ आणि ४०१७ ची जोडी लावून ते मखराभोवती पळते दिवे करतात. एका वर्षी घाईत कपॅसिटर उलटा बसला आणि ऐन ‘मंत्रपुष्पांजली’च्या वेळी फट्‌कन फुटला. गुरुजी एक ओळ विसरले. आप्पा मात्र प्रसाद घेताना सगळ्यांना समजावत होते, की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला उलटसुलट कळतं, माणसांनाच कळत नाही.

नातू इंजिनिअरिंगला. त्याने आर्दुइनो आणला. इटलीतल्या इव्हरेया गावात २००५ मध्ये हा बोर्ड जन्मला आणि तिथल्या एका बारवरून त्याचं नाव पडलं, हे ऐकल्यावर आप्पांनी महिनाभर त्याला देवघरासमोरच्या टेबलावर ठेवू दिलं नाही. त्यांचा खरा राग निराळा होता. एक दिवा उघडझाप करायला कॉम्प्युटर? मग एका रात्री दीड वाजता काकूंना जाग आली, तर हे उघड्या अंगाने प्रोग्रॅममधला सेमिकोलन शोधत बसलेले.

तिथून आमच्या सोसायटीचे दिवस फिरले. गच्चीवरची टाकी भरून वाहायची, पाणी वाया जायचं. ‘आपण करू,’ आप्पा म्हणाले, आणि कमिटीने नको तिथे ठराव केला. पहिल्या यंत्रात टाकीत तांब्याच्या तारा सोडल्या. पाणी तारेला लागलं की करंट जाणार आणि मोटर बंद होणार. पण एकाच दिशेचा करंट सतत पाण्यातून गेला की एक तार झिजत जाते. तारेवर हिरवट थर आला, मग तार दोऱ्याएवढी उरली आणि मग उरलीच नाही. दुसरं यंत्र अल्ट्रासॉनिक. दोन गोल डोळे झाकणाच्या आत बसवायचे; एकाने आवाज सोडायचा, दुसऱ्याने प्रतिध्वनी ऐकायचा, आवाजाच्या वेगावरून पाणी किती खाली आहे ते काढायचं. नामी युक्ती. टाकीतल्या दमटपणाने डोळ्यांवर पाणी साठलं आणि यंत्र रिकाम्या टाकीला भरलेली म्हणू लागलं.

शेवटी वॉचमनने टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली डालड्याचा एक जुना डबा कापून पत्रा पालथा घातला. टाकी भरली की पाणी पत्र्यावर पडून ढणढण वाजायचं आणि तो खाली मोटर बंद करायचा. खर्च शून्य. प्रश्न मिटला.

प्रश्न मिटलेला आप्पांना कसा सोसणार? त्यांनी पत्र्याशेजारी माइक बसवला. ढणढण ऐकू आली की चिपने ओळखायचं, रिलेने ‘टक्‌’ करायचं आणि मोटर आपोआप बंद. हे यंत्र मे महिनाभर बिनचूक चाललं. त्या महिन्यात आप्पा जरा उदासच असायचे.

जुलैत पाऊस लागला. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलेलं, नदीकाठचे रस्ते बंद, आणि आमच्या नळाला थेंब नाही. पत्रा अहोरात्र वाजत होता. मोटर चालू केली की मिनिटाभरात टक्‌! सगळी कमिटी छत्र्या घेऊन गच्चीवर जमली. आप्पा आधीच भिजत उभे होते, आणि इतके आनंदात मी त्यांना मे महिन्यात एकदाही पाहिलं नव्हतं.

‘पावसाचा आवाज आणि ओव्हरफ्लोचा आवाज वेगळा असतो,’ ते ओरडले. ‘फिल्टर करावा लागेल!’

‘आप्पा, पत्र्यावर छत्री धरू का?’ वॉचमन म्हणाला.

आप्पा विचारात पडले. ‘धरायला माणूस कशाला? सर्वो मोटर लावू. पाऊस आला की उघडेल.’

खालून काकूंची हाक आली, ‘छत्री राहू दे, आधी मोटर हाताने चालू करा. कुकर लावायचाय!’

सेक्रेटरी तावातावाने पॅनलकडे वळले आणि तिथेच थांबले. ‘आप्पा, हाताने चालू ठेवायचं बटण कुठाय?’

‘ते होय,’ आप्पा म्हणाले, ‘ते मखराला लावलंय.’