पॅकेजराव

आमच्या विभागातल्या या गृहस्थांना पाठीमागे सगळे पॅकेजराव म्हणतात. पीएच.डी.साठी कांदा उत्पादकांकडून भरून आणलेले फॉर्म त्यांच्या कपाटात आहेत, नाशिक जिल्ह्यातल्या धुळीसकट. विश्लेषण तेवढं बाकी. तेही कधीच झालं असतं, पण संगणकावरच्या कुठल्या पॅकेजमध्ये, कशात करायचं हे ठरत नाही.

पहिल्या वर्षी एसपीएसएस होतं. मेनू उघडायचा, टिचकी मारायची, तक्ता हजर. पण 1968 सालापासून जे जो तो वापरतोय त्यात आपलं संशोधन कसलं, म्हणून ते 'आर'कडे वळले. 'आर' फुकट, हे त्यांना पटलं. ऑकलंडचे रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांच्या आद्याक्षरावरून ते नाव पडलं, हे तर इतकं पटलं की चार महिने भेटेल त्याला तेच सांगत होते. चहावाल्यालाही. मग कुणीतरी म्हणालं, हल्ली नोकऱ्या पायथनला आहेत. पॅकेजरावांची नोकरी कायम, निवृत्तीला नऊ वर्षं. तरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

'आर'मध्ये मोजणी एकापासून, पायथनमध्ये शून्यापासून. "पहिल्या शेतकऱ्याला शून्य म्हणायचं? त्यानं मला गूळ-पाणी दिलंय हो!"

एका दुपारी धावतच माझ्या टेबलाशी आले. कागदावर आठ आकडे : 2, 4, 4, 4, 5, 5, 7, 9.

"प्रमाण विचलन सांगा."

"दोन," मी म्हटलं.

"पायथनचं नमपाय तेच म्हणतंय. आणि 'आर' म्हणतंय 2.14!"

चेहऱ्यावर चोर रंगेहाथ पकडल्याचा आनंद. भानगड साधीच होती. एक आठानं भागतं, दुसरं त्या आकड्यांना नमुना समजून साताने. आणि नमपायला वेगळं सांगितलं तर तेही निमूट साताने भागतं. मी हे समजावलं, तेव्हा साखरपुड्यात कुणी शिंकल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. चांगलं आठवडाभर पुरलं असतं हो त्यांना ते.

एक्सेलचं तर नाव काढायची सोय नाही. "त्यानं जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकल्या! शेवटी 2020 साली शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली, एक्सेल नाही बदललं!" हे तेव्हा खरं होतं; 2023 साली एक्सेलही बदललं. फक्त त्यांच्या फॉर्मवर जनुकांचा रकाना नाही; एकरी उत्पन्न आणि मिळालेला भाव, एवढंच आहे.

सध्या ज्युलिया चालू आहे. ती म्हणे फार वेगवान. सहा वर्षं थांबलेल्या माणसाला वेगाचं एवढं काय, हे मी विचारलं नाही.

गेल्या सोमवारी मार्गदर्शक मॅडमचा धीर सुटला. "अहो, विश्लेषण राहू द्या. एकूण फॉर्म किती आहेत, तेवढं तरी सांगा."

पॅकेजरावांनी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि अदबीनं विचारलं, "मॅडम, कशात मोजू?"