संस्कार सर

मेळघाटात मास्तर दोन प्रकारचे. एक रोज परतवाड्याहून ये-जा करतो. दुसरा गावातच राहतो आणि गाव सुधारायला घेतो. गावाला पहिल्याचा त्रास कमी. आमचे संस्कार सर दुसऱ्यातले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं.

चिखलदरा तालुक्यातल्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी हजेरीपट उघडून सर हरखलेच. कासदेकर, बेठेकर, मावस्कर आणि चक्क एक जांभेकर! 1832 साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्रींचं कूळ इकडं कसं आलं, म्हणून त्यांनी त्या पोराला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला. ही सगळी कोरकू आदिवासींची आडनावं आहेत, असं खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी सांगितलं, तसा हात आपसूक खाली आला.

सर मनाचे वाईट नाहीत. पोर तापलं तर मोटारसायकलवर बसवून आरोग्य केंद्रात नेतील. वाटेत स्वच्छतेवर व्याख्यान देतील. पदरच्या पैशानं वह्या आणतील. पहिल्या पानावर सुविचार लिहून देतील. 2023 मध्ये पोषण आहारात अंडं आलं, तेव्हा तेही नाकाला रुमाल लावून, पण चोख मोजून वाटलं.

कोरकू म्हणजे बिघडलेली मराठी, ही त्यांची ठाम समजूत. ती भाषा दुरुस्त करण्यात सरांनी उमेदीची वर्षं घातली. ती मुंडा कुळातली, संथाळीची बहीण, मराठीच्या गोतातली नव्हेच, असं कुणीतरी सांगितलं, तर म्हणाले, “तरीच!” शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय. सरांच्या मते ‘शक्य तिथवर’ म्हणजे परतवाड्यापर्यंत.

2010 पासून मास्तरांना प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात. बरेच जण त्या तयार पुस्तकातून उतरवतात. सर मात्र स्वतः लिहीत, वळणदार अक्षरात: “वर्गात बोलत नाही. घरी शैक्षणिक वातावरण नाही. संस्कारांची गरज.”

मग इंग्रजीचं प्रशिक्षण लागलं. हॉलमध्ये फक्त इंग्रजीतच बोलायचं, असा साधनव्यक्तींचा दंडक. एरवी माईक न सोडणारे सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. प्रश्न आला की शेजाऱ्याच्या वहीत बघत. तासातासाला पाणी प्यायला उठत. “तुमच्या घरी कोण कोण असतं?” हे इंग्रजीतून विचारल्यावर नुसते हसले. समारोपाला टेबलावर उघड्या पडलेल्या कागदावर त्यांच्या नावापुढचा शेरा दिसला: “वर्गात बोलत नाहीत. घरी इंग्रजीचं वातावरण नसावं.”

“माझ्या घराचं वातावरण काढतात?” सर चहाच्या टपरीवर कडाडले. “मला सगळं येत होतं हो! फक्त...” त्या ‘फक्त’वर गाडी जी अडली, ती चहा निवेपर्यंत.

पुढच्या सत्रात नोंदवहीत निराळाच मजकूर उमटला: “आईशी, शेळीशी, दोस्तांशी भरपूर बोलतो. माझ्याशी बोलावं एवढी कोरकू मला येत नाही.” केंद्रप्रमुख वैतागले, “अहो, नोंद मुलाची करायची असते, स्वतःची नव्हे!”

“साहेब, आजवर माझीच करत होतो. वर नाव तेवढं मुलाचं घालत होतो.”

हल्ली सर तिसरीच्या पोरांकडून कोरकू शिकतात. फळ्यावरचा सुविचार पोरं सांगतात, सर लिहून घेतात. त्यावर अख्खा वर्ग एवढा का हसतो, हे त्यांना अजून उमगलेलं नाही.

सर पार बदलले, असं कुणी समजू नये. परवाच एका पालकाला मोहाच्या दारूवरून तासभर झोडपलं, वर स्वतःचा चहाही पाजला. यंदा त्यांची बदली निघाली, तेव्हा ती रद्द करा म्हणून अर्ज गावानं केला. अर्जाचं शुद्धलेखन सरांनीच तपासून दिलं.