गप्प बसण्याचं मानधन

आपल्याकडे मुलाखतीत पाहुण्याची ओळख पाहुण्यापेक्षा लांब असते. ती संपली की पहिला प्रश्न येतो: ‘सर, बालपण, संघर्ष, मग मिळालेलं उदंड यश, रसिकांचं प्रेम, आणि आज मागे वळून पाहताना जे काही दाटून येतं, त्याबद्दल काय सांगाल?’ यात सरांना सांगायला उरतं काय? ते ‘खरंय’ म्हणतात आणि पाणी पितात. पॉडकास्टवाल्यांनी माइक मोठे केले, वेळ दोन तासांवर नेली. प्रश्नाची लांबीही त्याच हिशेबाने वाढली. माझं म्हणणं एवढंच, की मुलाखत रंगायची तर विचारणाऱ्याने अभ्यास भरपूर करावा आणि तो पाहुण्याला दिसू देऊ नये.

शिकागोचे स्टड्स टर्कल यात उस्ताद. ‘वर्किंग’ (१९७४) या त्यांच्या पुस्तकात वेट्रेसपासून थडगी खणणाऱ्यापर्यंत माणसं आपल्या कामाबद्दल भरभरून बोलतात. टर्कल टेपरेकॉर्डर घेऊन हिंडत, पण त्या यंत्राशी त्यांचं कधी जमलं नाही. चुकीचं बटण दाबलं जाई, मग समोरचाच ते दाखवून देई. आपल्या या धांदरटपणाचा फायदाच होतो, असं ते सांगत. साहजिक आहे. साहेबालाच बटण सापडत नाही म्हटल्यावर कोणाचीही भीड चेपते.

चरित्रकार रॉबर्ट कॅरो तर मुलाखत घेताना वहीत स्वतःलाच ‘गप्प बस’ अशी आज्ञा लिहितात. ज्यांचं चरित्र ते लिहीत होते, त्या अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा धाकटा भाऊ कॅरोंना भावाच्या बालपणाच्या सुरस कथा ऐकवत असे. कॅरोंनी त्याला लहानपणीच्या घरात नेलं, जेवणाच्या टेबलाशी त्याच्या जुन्या जागी बसवलं आणि स्वतः मागे, नजरेआड बसले. बापलेकांची भांडणं कशी व्हायची, एवढंच विचारलं. तो हळूहळू दोघांच्याही आवाजात ओरडू लागला. मग कॅरोंनी त्या जुन्या कथा पुन्हा सांगायला सांगितल्या, तेव्हा त्याने कबूल केलं की तसं काही घडलंच नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, गप्पच बसायचं तर खुर्चीत खांब ठेवा, मानधन वाचेल. पण त्या घरातली नेमकी कोणती जागा कोणाची, हे खांबाला ठाऊक नसतं. सत्ताधाऱ्याला मात्र कागद पुढे टाकून कोंडीत पकडावंच लागतं, हे मान्य. तिथे मौन म्हणजे साटंलोटं. पण नाट्यसंगीत गाणाऱ्या आजींवर काही आरोपपत्र दाखल झालेलं नसतं.

दुसरा आक्षेप, शांतता पडली की प्रेक्षक पळतो. १९५९ साली बीबीसीच्या ‘फेस टू फेस’मध्ये जॉन फ्रीमन यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना विचारलं, आता देवावर विश्वास आहे का? युंग घुटमळले, उत्तर देणं अवघड आहे म्हणाले, आणि मग म्हणाले की मला विश्वास ठेवायची गरज नाही, मला ठाऊक आहे. यावर पत्रांचा इतका पाऊस पडला की पुढे त्यांना लेखी खुलासा करावा लागला. लोक आजही तो तुकडा बघतात, ते त्या घुटमळण्यासकट. आपल्याकडे त्या क्षणी ‘म्हणजे श्रद्धा हवीच, नाही का सर?’ अशी मदत झाली असती. आणि ती टळली असती, तरी संकलकाने ‘पाहुण्यांना सुचत नव्हतं, जरा टाइट केलं’ म्हणत ती जागा कापून तिथे सूत्रसंचालकाच्या डोलणाऱ्या मानेचा क्लोज-अप चिकटवला असता.