लखोटा आणि मजकूर

राजाजीनगरातील मराठी बिऱ्हाडी नातवाच्या मुंजीची आयफोनवर टिपलेली चित्रफीत संगणकावर लावावी, मंगलाष्टके खणखणीत ऐकू यावीत आणि पडदा मात्र काळाठिक्कर राहावा, की घरातील तज्ज्ञ फाइलीच्या नावातील 'एमओव्ही' खोडून 'एमपी४' लिहिण्याचे फर्मान तत्काळ सोडतात. वस्तुतः ही दोन्ही नावे केवळ लखोट्याची. आतील मजकूर २०१३ साली प्रमाणित झालेल्या एचईव्हीसी कोडेकमध्ये, म्हणजे चित्रफीत आक्रसून साठवण्याच्या पद्धतीत, बहुधा असतो, आणि तो वाचण्याचा परवाना विंडोज पुष्कळदा निराळी जकात घेऊनच देते. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी हा चित्रफिती लावणारा प्रोग्राम हेच काम विनामूल्य करतो. परंतु फुकटच्या गोष्टीवर विश्वास ठेवणे प्रतिष्ठितांस कमीपणाचे वाटते. तेव्हा वाचकहो, नवा संगणक खरीदण्यापूर्वी हा कमीपणा एकवार पत्करून पाहावा.