आणखी एक हात

आदिलाबादेत घराच्या खिडक्या रंगवायला काढाव्यात आणि काकांना पत्ता लागू नये, असं होत नाही. टर्पेंटाइनचा वास त्यांना गल्लीच्या टोकावरून येतो. पेंटर डब्याचं झाकण उचकटेपर्यंत काका खुर्ची ओढून बसलेलेही असतात. असा एक काका तुमच्याही गल्लीत आहे, तेव्हा ओळख करून देत बसत नाही.

चौकटीकडे एकदा पाहून त्यांनी निकाल दिला, "आणखी एक हात लागते." तेव्हा पहिला हातही लागायचा होता.

हे वाक्य रंगापुरतं असतं तर चाललं असतं. चहात साखरेचा एक हात कमी, नव्या रस्त्यावर डांबराचा एक हात कमी, माझ्या मुलाच्या गणिताला मास्तरचा एक हात कमी. पेंटर तेलुगू म्हणून त्याला "इंको कोटिंग!" आणि त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं की "और एक हाथ मारो!" तीन भाषांत हुकूम सोडणाऱ्या या माणसाला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर कुणी पाहिलेलं नाही.

खिडक्या सागाच्या, आजोबांच्या वेळच्या. पावसाळ्यात झडपा फुगून चौकटीत रुततात, म्हणून दसऱ्यानंतर काम काढलं. पेंटर पट्टीनं खरवडू लागला तसा चॉकलेटीखाली आकाशी निघाला आणि आकाशीखाली हिरवा. काका उठून चष्मा लावून आले. हिरवा लागला तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो, आकाशी १९५६ नंतर आंध्र प्रदेशातला, चॉकलेटी २०१४ नंतर तेलंगणातला, असा इतिहास त्यांनी बोटानं दाखवत सांगितला. घर जागचं हललं नाही, राज्यं मात्र तीन झाली. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले, तेव्हा काका पहिल्यांदाच "आता बस झालं" म्हणाले होते. कारण निर्मळ दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, आणि काकांचे सगळे दाखले निर्मळच्या खेळणी करणाऱ्यांचे. "ते चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवते, तुमची लांबी काय टिकते!"

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये, पाणी लावून घासावं, असं मी म्हटलं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, हेही सांगितलं. काका म्हणाले, "आमी जन्मभर कोरडंच घासलं. काय झालं आमाले?" शिशाचा मेंदूवर परिणाम होतो, हे पुढचं वाक्य मी गिळलं.

प्रायमर झाला, लांबी झाली, पॉलिश पेपर फिरला. पहिला हात वाळला, दुसरा चढला. बिजागरीवर रंगाचा थेंब दिसला की काका पेंटरला वर चढवत. शेवटी पेंटरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "साब, ये काका जाते कब?"

संध्याकाळी मीच त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. खरं तर ते गेल्याची खात्री करायला. त्यांच्या घराच्या खिडक्या पहिल्यांदाच नीट पाहिल्या. हैदराबादच्या मुलानं सगळ्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या करून टाकल्यात. जुन्या सागाच्या चौकटी विकल्या, भाव चांगला आला म्हणे. "याले रंगच लागत नाही," काका काचेवर बोटानं टकटक करत म्हणाले. तक्रार नव्हती, पण पुढे काय बोलावं ते त्यांना सुचेना. एवढी लांब शांतता मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पेंटरला तिसरा हात द्यायला सांगितला. गरज नव्हती. काका दोन तास जवळून पाहत होते, आणि काम संपल्यावर म्हणाले, "आता जरा जाड झालं."

तर आदिलाबादकरांनो, लाकडी खिडक्या शिल्लक असतील तर रंग अर्धा लिटर जास्त आणा, आणि काम काढण्याआधी काकांना निरोप द्या. खुर्ची सावलीत ठेवा.