तापट ग्राफिक्स चिपचा यथासांग बंदोबस्त

ज्या गृहस्थाचा लॅपटॉप दुपारच्या प्रहरी विनाकारण सुस्कारे टाकू लागतो, ज्याच्या पडद्यावर प्रथम हिरवे-जांभळे ठिपके, नंतर उभ्या रेघा आणि अखेरीस निखळ अंधार अशी दृश्ये क्रमाने अवतरतात, आणि ज्याच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ‘व्हायरस असेल’ हे निदान कोणी विचारण्यापूर्वीच करून ठेवलेले असते, त्याच्या उपयोगार्थ प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केले आहे. ते शुचिर्भूत होऊनच वाचावे अशी सक्ती नाही; मात्र हात कोरडे असावेत आणि यंत्र बंद असावे.

प्रथम निदान. लॅपटॉपच्या पोटाला तळहात लावून ताप पाहण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, ती वात्सल्याची निदर्शक असली तरी प्रमाण मानता येत नाही. कारण हाताला पोळते ती बाहेरची कूस, आणि ज्वर असतो तो आत, नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये. ‘जीपीयू-झी’ किंवा ‘एचडब्ल्यूमॉनिटर’ या प्रोग्रॅमांपैकी एखादा बिनपगारी कारकून नेमून त्याच्याकडून तापमानाची नोंद घ्यावी. खेळ ऐन भरात असता 75 ते 85 अंश सेल्सिअस हा आकडा दिसला, तर तो त्या जातीचा स्वभावच समजावा. आकडा 95च्या आसपास घुटमळू लागला, की चिप आत्मरक्षणार्थ आपला वेग उतरवते, आणि पडद्यावरचा योद्धा तलवार उपसता उपसता अडखळतो. नागपूर-चंद्रपूरकडील वाचकांसाठी एक पोटकलम येथेच नमूद करणे अगत्याचे आहे: पंखा कितीही कर्तबगार असला, तरी तो चिपला खोलीतल्या हवेहून थंड करू शकत नाही, सबब वैशाखात उपचाराचा आरंभ लॅपटॉपापासून न करता खोलीपासून करावा.

यानंतर आसनाचा विचार. बहुतेक लॅपटॉप तळाच्या झरोक्यांतून हवा आत ओढतात आणि मागून वा बाजूने बाहेर टाकतात, ही साधी गोष्ट ध्यानात न घेता त्याला गादीवर, लोडावर, किंबहुना थेट पांघरुणावर बसवण्याची जी मुभा आपण देतो, तिचा परिणाम नाक दाबून धावायला लावण्यापेक्षा निराळा होत नाही. काही सुगृहिणी धूळ बसू नये म्हणून चालू यंत्रावरही क्रोशाचा रुमाल घालतात. त्यांच्या कलाकुसरीबद्दल पूर्ण आदर बाळगून तो रुमाल टीव्हीकडे वर्ग करावा. लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली दिवाळी अंक ठेवावेत, म्हणजे तळाशी हवेला वाट मिळते. झरोके झाकले जाऊ नयेत एवढी दक्षता घेतल्यास कोणताही अंक चालतो, आणि कित्येक अंकांना इतका निर्विवाद उपयोग पूर्वी कधी लाभलेलाही नसतो.

एवढ्याने भागले नाही, तर मूळ आरोपीला हात घालावा, आणि तो म्हणजे धूळ. पुष्कळ लोक झरोक्यातून पंख्याची पाती पाहतात, ती बऱ्यापैकी स्वच्छ दिसली की समाधान पावतात, आणि येथेच फसतात. कारण खरा मुद्देमाल पात्यांवर नसून पंखा आणि त्यापुढील तांब्याच्या बारीक पडद्या यांच्या मधल्या फटीत दडलेला असतो. मागचे झाकण उतरवून, बॅटरीचा जोड सोडवून आणि पंखा अलग करून पाहावे, म्हणजे तेथे धूळ, केस, दुलईचे तंतू आणि उदबत्तीची राख यांचा दाबून बसलेला करडा थर आढळतो, आणि चिमट्याने धरला तर तो अखंड पट्टीच्या रूपाने निघून येतो. या क्षणी होणारा आनंद शब्दातीत आहे. घरातल्या सर्वांना बोलावून तो मुद्देमाल दाखवण्यास हरकत नाही. ब्लोअर मारताना मात्र पात्यांत दातकोरणे अडकवून पंखा स्थिर धरावा, नाहीतर तो वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरून आपल्या बेअरिंगचा नाश करून घेतो. निरनिराळ्या लांबीचे स्क्रू एकाच वाटीत टाकण्याचा मोह आवरावा. कागदावर यंत्राचा नकाशा काढून ज्याचा त्याला तेथेच ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळल्यास तो थेट बोर्डात शिरतो.

चिपवर दाबून बसलेल्या तांब्याच्या पट्टीवर स्क्रूशेजारी बहुधा 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात. ती शोभा नव्हे. बसवताना त्याच क्रमाने आणि सोडवताना उलट क्रमाने थोडे थोडे फिरवावे. खालची जुनी पेस्ट वाळून तिची खपली झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट चिपच्या मध्यभागी ठेवावी, पट्टीच्या दाबाने ती आपोआप पसरते. श्रीखंड वाढण्याचे औदार्य येथे सर्वथा अप्रस्तुत आहे, कारण पेस्टचे काम चिप आणि पट्टी यांच्यामधील सूक्ष्म खळगे बुजवणे हे असून जाड थर उष्णतेच्या वाटेत अडथळाच उभा करतो. टूथपेस्ट वापरावी काय, या प्रश्नाचे उत्तर असे की ती दातांनाच लावावी. शेजारच्या मेमरी चिपांवरील मऊ पट्ट्या मोठी फट भरण्यासाठी असतात; त्या फाटल्या, तर त्याच जाडीच्या नव्या आणाव्या, त्यांच्या जागी पेस्ट थापू नये.

यंत्र पुन्हा जोडून झाले, की खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा सेकंदाला 60 वर बांधून द्यावी. अन्यथा नुसता मेनू उघडा असतानाही चिप तेच स्थिर चित्र सेकंदाला शेकडो वेळा रंगवीत बसते.

आता त्या उपायाविषयी, ज्याची कीर्ती सर्वांत मोठी आणि योग्यता सर्वांत लहान आहे. जुलै 2008 मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केले, की लॅपटॉपांतील तिच्या काही चिपा सदोष साहित्यामुळे निकामी होत असून दुरुस्ती व बदलीच्या खर्चापोटी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद करण्यात येत आहे. दोष असा, की चिपचे सिलिकॉन आणि तिची बैठक यांना जोडणारे डाखाचे अतिसूक्ष्म थेंब तापण्या-निवण्याच्या येरझाऱ्यांत तडकत होते. डेल आणि एचपी यांनी त्यावर पंखा लवकर व अधिक काळ फिरवण्याचे फर्मान बायॉसमार्फत काढले. त्यामुळे तड पडणे लांबले, पडलेली तड सांधली गेली नाही. 2010 मध्ये याबाबत अमेरिकेत झालेल्या फिर्यादीत तडजोड झाली. पुढे 2015 मध्ये ॲपलनेही 2011 ते 2013 या काळातील काही मॅकबुक प्रोंची चित्रदोषाबद्दल मोफत दुरुस्ती मान्य केली. दरम्यान रयतेने आपला तोडगा शोधला होता: बोर्ड सुटा करून स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये सुमारे 200 अंशांवर सात-आठ मिनिटे भाजणे. आश्चर्य असे, की बोर्ड पुष्कळदा जिवंत होत असे. परंतु चिपखालचा शिसेविरहित डाख सुमारे 217 अंशांवर वितळतो, तेव्हा या पाकक्रियेत वितळण्यासारखे फारसे काही घडत नसून तडकलेली तोंडे तात्पुरती एकमेकांना टेकतात, आणि काही आठवड्यांनी पुनश्च विलग होतात. शिवाय बोर्डाच्या वाफेने भारलेल्या त्या भट्टीत नंतर नानकटाई भाजणे हा स्वतंत्र गुन्हा होय.

पुण्याच्या तपकीर गल्लीत वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’च्या पाटीखाली बसलेला कारागीर याच क्रियेला ‘हीट मारणे’ म्हणतो आणि प्रामाणिकपणे सांगतोही, “काका, हीट मारून देतो, चालेल तोवर चालेल, गॅरंटी नाही.” त्याला एकच प्रश्न विचारावा: नवी चिप बसवणार, की जुनीच परत तापवणार? ‘रिबॉलिंग’ म्हणजे चिपखालचे डाखाचे गोळे बदलणे. तड चिपच्या आतच असेल, तर जुन्या चिपचे रिबॉलिंग हा वायफळ खर्च ठरतो. उत्तर ‘जुनीच’ असे आले, तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि ‘चालेल तोवर’ हा करार पत्करायचाच असेल, तर यंत्र हाती आल्याच दिवशी त्यातील फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत.